कोंबडी नेली कोणी? अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात खुराडं कसं राखावं

बदलापूर : सकाळी उठून पाहावं तर खुराड्याचं दार लोंबकळतंय, अंगणात पिसं पसरली आहेत आणि काल मोजलेल्या नऊ कोंबड्यांपैकी तीन नाहीत. बारवीच्या जंगलाकडची गावं असोत, मलंगगड-चंदेरीच्या पायथ्याचे पाडे असोत की वांगणीकडची भातशेती, हा अनुभव घरोघरी आहे. मग चावडीवर चर्चा सुरू होते. कोणी म्हणतं कोल्हा, कोणी म्हणतं बिबट्या. तोवर मोबाईलवर दुसऱ्याच जिल्ह्यातला बिबट्याचा व्हिडीओ फिरायला लागतो. आणि खुराड्याचं दार त्या रात्रीही सुतळीनेच बांधलं जातं.

परसातल्या आठ-दहा कोंबड्या हा घरच्या बाईच्या हातातला पैसा असतो. गटारीला, पाहुण्याला, देवाच्या मानाला गावठी कोंबडी हमखास विकली जाते. अंडी बाजारात न नेता दारातूनच जातात. पोराची वही, दवाखान्याची रिक्षा यातूनच निघते. त्यामुळे एका रात्रीत चार पक्षी गेले म्हणजे त्या घराचा महिन्याचा वरखर्च गेला. शिवाय गेलेल्यात खुडूक बसलेली कोंबडी असेल तर पुढची पिल्लंही गेली.

यातलं बहुतेक नुकसान टाळता येतं. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही, पण नेमकं कोण येतंय हे आधी कळायला हवं. मुंगसाचा बंदोबस्त वेगळा, कुत्र्याचा वेगळा, घारीचा वेगळा.

कोल्हा, खोकड आणि आपला गैरसमज

आपल्याकडे ज्याला कोल्हा म्हणतात तो सोनेरी कोल्हा. तिन्हीसांजेला ज्याची कोल्हेकुई ऐकू येते तोच. गोष्टीच्या पुस्तकातला झुपकेदार शेपटीचा लबाड प्राणी म्हणजे खरं तर खोकड. ते देशावरच्या कोरड्या माळरानातलं जनावर, आपल्या पावसाळी कोकणपट्टीतलं नव्हे. म्हणजे ठाणे जिल्ह्यात 'कोल्ह्याने कोंबडी नेली' असं म्हटलं तर तो सोनेरी कोल्हाच.

हा कोल्हा आठ-दहा किलोचा, मध्यम कुत्र्याएवढा असतो. त्याचं मुख्य पोट कोंबडीवर नाही. शेतातले उंदीर, खेकडे, बेडूक, बोरं, मेलेलं जनावर आणि आता गावाबाहेर फेकलेला चिकनच्या दुकानाचा कचरा, यावर तो जगतो. बांधावरचे उंदीर आणि घुशी तो खातो हा शेतकऱ्याचा फायदाच आहे. पण संध्याकाळी उशिरापर्यंत रानात चरणारी किंवा झाडाखाली उघड्यावर झोपलेली कोंबडी दिसली की तो सोडत नाही.

खुराड्यावर रोजचा डल्ला मारणारे मात्र बहुतेक वेळा वेगळेच असतात. मुंगूस, रानमांजर म्हणजे बाऊल, कांडेचोर म्हणजे उदमांजर, जवादी मांजर, घूस, घोरपड, साप, आकाशातून घार, शिक्रा आणि कावळा. आणि सगळ्यांत जास्त नुकसान करणारा प्राणी गावातलाच असतो, तो म्हणजे मोकाट कुत्रा.

खुणा पाहून ओळखायचं कसं

नुकसान झालं की आधी झाडू मारू नका. पिसं कुठे पडली, रक्त आहे का, माती उकरली का, जाळी आतून वाकली की बाहेरून, हे पाहून घ्या. मोबाईल हातात आहेच, चार फोटो काढून ठेवा. राखेचं किंवा बारीक मातीचं पातळ पोतेरं खुराड्याभोवती रात्री पसरलं तर दुसऱ्या दिवशी पायाचे ठसे स्पष्ट मिळतात. कुत्रा आणि कोल्हा यांच्या ठशात नखं उमटतात. मांजराच्या कुळातल्या जनावराचा ठसा गोल असतो आणि नखं दिसत नाहीत, कारण चालताना ती आत ओढलेली असतात.

पाच-सहा कोंबड्या मेलेल्या, चावलेल्या, पण खाल्लेल्या नाहीत, तर ते कुत्र्याचं काम समजा. कुत्रा बऱ्याचदा खेळ म्हणून, पळणाऱ्या पक्ष्यामागे धावत मारत सुटतो. जाळी फाडलेली, फळी उपटलेली दिसते. भरदिवसाही हे होतं.

एखादीच कोंबडी पूर्ण गायब आणि पिसांची रेघ झुडपाकडे किंवा ओढ्याकडे गेलेली, तर रानमांजर किंवा कोल्हा. दाराखालची माती उकरलेली असेल तर कोल्हा वा कुत्रा. माती जशीच्या तशी आणि वरून शिरकाव झालेला असेल तर मांजराकडे संशय जातो. कांडेचोर कौल सरकवून आत उतरतं. ते एका रात्रीत दोन-तीन पक्षी मारून ठेवतं आणि एखाद्याचंच डोकं किंवा छाती खातं. छपरावर पायांचा आवाज, कौल हललेलं आणि जवळच फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा, हे तिन्ही जुळलं की दुसरा कोणी नाही.

मुंगूस दिवसाचा चोर आहे. सकाळी दहा ते दुपारी चारच्या दरम्यान, घरचे सगळे शेतावर असताना येतं. मानेवर बारीक, खोल चावे आणि फोडलेली अंडी ही त्याची ओळख. पिल्लं असतील तर त्यांच्यावरच पहिली झडप. अंडी गेली पण कवचाचा तुकडाही नाही, तर साप. नाग आणि धामण अंडं अख्खं गिळतात. पिल्लू मेलेलं, अंग चिकट-ओलं आणि डोक्याकडची पिसं दाबून बसलेली दिसली तर सापाने गिळायचा प्रयत्न करून सोडून दिलेलं असतं. घोरपडही अंडी खाते.

घूस आणि उंदीर यांचं नुकसान लोक मोजतच नाहीत. रोज एक पिल्लू कमी होतं, कधी पाय कुरतडलेला, कधी बिळाच्या तोंडाशी पिसं. आठवड्याने घरातला माणूस म्हणतो, घारीने नेली असतील. घार रात्री येत नाही, हे लक्षात ठेवलं तरी अर्धा उलगडा होतो.

बंदोबस्ताची सुरुवात दारापासून

कोंबडी अंधार पडायच्या आत स्वतःहून खुराड्यात येते. तिला हाकलावं लागत नाही. प्रश्न एवढाच की ती आल्यावर दार किती वेळात लागतं. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. या वेळेनंतर अर्धा तास दार उघडं राहिलं तर तेवढा वेळ जनावराला पुरतो. घरात हे काम एकाच माणसाकडे द्या, शक्यतो शाळेत जाणाऱ्या पोराकडे, आणि दार लावताना डोकी मोजायची सवय लावा. ज्या घरात 'कोणीतरी लावलं असेल' असं असतं, तिथेच कोंबड्या जातात.

सुतळी, चिंधी, टेकवलेला दगड किंवा फळी यांना दार म्हणू नये. घूस सुतळी कुरतडते, कुत्रा दगड ढकलतो, कांडेचोर फटीत पंजा घालून फळी सरकवतं. लोखंडी कडी आणि तिच्यात अडकवलेली खिट्टी हवी. दाराची चौकट आणि फळी यांत बोट जाईल एवढीही फट नको. दार बाहेर उघडणारं असावं, म्हणजे बाहेरून धक्का बसला तरी ते चौकटीवरच दाबलं जातं.

सकाळी दार उघडायची घाई करू नका. पहाटेच्या अंधारात कोल्हा, रानमांजर फिरत असतात. शिवाय कोंबड्या आठ-नऊपर्यंत आत ठेवल्या तर बरीचशी अंडी खुराड्यातच पडतात. नाहीतर कोंबडी जाऊन गवतात, पेंढ्याच्या गंजीत अंडी घालते आणि ती मुंगसाच्या पोटात जातात.

जाळी कोणती घ्यावी

बाजारात 'कोंबडी जाळी' म्हणून मिळते ती षट्कोनी, पातळ तारेची. स्वस्त आहे, म्हणून सगळे तीच आणतात. ती कोंबडीला आत ठेवायला चांगली, पण जनावराला बाहेर ठेवायला कमजोर. कुत्रा ती दातांनी फाडतो, मोठ्या छिद्रातून मुंगूस आणि घूस आरपार जातात. दोन पावसाळ्यांत तिला गंज धरतो आणि हाताने तुटते.

खुराड्याच्या खालच्या दोन फुटांना चौकोनी, वेल्डिंग केलेली, अर्ध्या इंचाच्या छिद्राची जाळी लावा. वेल्डमेश म्हणून हार्डवेअरच्या दुकानात मागितली की मिळते. वरच्या भागाला एक इंची चालते. सगळं खुराडं या जाळीचं करणं परवडत नसेल तर खालचा भाग आणि दार एवढं तरी करा. जाळी आतून नव्हे, बाहेरच्या बाजूने ठोका. आतून ठोकलेली जाळी बाहेरून ढकलली की खिळ्यांसकट सुटते. बारीक खिळा वाकवून ठोकण्यापेक्षा जाळीवर लाकडी पट्टी ठेवून ती पट्टी ठोकावी.

आपल्याकडच्या अनेक पाड्यांवर खुराडं कारवीच्या कुडाचं, वरून शेणमातीने लिंपलेलं असतं. ते वाईट नाही. उन्हाळ्यात थंड राहतं, खर्च नाही. अडचण त्याच्या बुंध्याशी आहे. जमिनीलगत ओल धरते, कारवी कुजते, घूस तिथेच भोक पाडते. खालचे दोन फूट विटांचे किंवा जुन्या पत्र्याचे केले आणि वर कूड ठेवला तर तेच खुराडं दहा वर्षं चालतं.

उकरून शिरणाऱ्या जनावरासाठी एक सोपा उपाय आहे आणि तो फार थोडे लोक करतात. खुराड्याभोवती बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट रुंदीची जाळी जमिनीवर आडवी अंथरायची, भिंतीशी बांधायची, वरून माती आणि दगड टाकायचे. कोल्हा किंवा कुत्रा भिंतीला लागूनच उकरतो. जाळी लागली की तो थांबतो. दोन फूट मागे सरकून तिथून उकरावं हे त्याला सुचत नाही. खड्डा खणून जाळी एक फूट खोल गाडली तरी तेच काम होतं, पण आपल्याकडच्या कातळाच्या जमिनीत खणणं म्हणजे शिक्षाच.

जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, चार खांबांवरचं खुराडं केलं तर उकरण्याचा प्रश्नच मिटतो. मग फक्त खांबांवरून चढणारे राहतात. प्रत्येक खांबाला गुळगुळीत पत्र्याचा फूट-दीड फुटाचा पट्टा गुंडाळला की घूस आणि बरेच साप वर चढत नाहीत. शिडी रात्री काढून ठेवायला मात्र विसरू नका. पट्टा लावलेला आणि शिडी टेकवलेली, असं खुराडं बघायला मिळतं.

कौलांचं छप्पर असेल तर कौलांखाली जाळी हवीच. पत्र्याचं असेल तर वर भाताचा पेंढा टाका. एप्रिल-मेमध्ये बदलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, त्यात बंद पत्र्याखाली कोंबड्या उन्हाने मरतात आणि दोष जनावरावर जातो. याच कारणाने खुराडं ताडपत्रीने चारही बाजूंनी गच्च बांधू नये. वरच्या भागात वारा खेळता हवा. रात्रीच्या मुक्कामाला एका मोठ्या पक्ष्यामागे एक ते दीड चौरस फूट जागा धरा. त्याहून दाटी केली तर एकमेकांना चोची मारून जखमा करतात.

दिवसाचे चोर आणि पिल्लांची राखण

पिल्लं फुटल्यापासून सहा-आठ आठवडे धोक्याचे. या काळात घार, शिक्रा, कावळा, भारद्वाज, मांजर सगळेच टपलेले असतात. गावठी कोंबडी पिल्लांसाठी घारीशीही भांडते, पण दहा पिल्लं पांगली की तिचंही चालत नाही. जुन्या बायका पिल्लांसकट कोंबडी डालग्याखाली झाकायच्या, दुपारी थोडा वेळ सोडायच्या. ही पद्धत आजही सगळ्यांत स्वस्त आहे. डालग्यावर दगड मात्र ठेवायचा.

अंगणात कायमची सोय करायची तर पिल्लांसाठी एक छोटा गाळा बाजूंनी जाळीचा आणि वरून झाकलेला करा. वर मासेमारीचं जुनं जाळं ताणलं तरी घार उतरत नाही. हे नायलॉनचं जाळं जमिनीपर्यंत सोडू नका. त्यात साप अडकतो, आणि अडकलेला नाग सोडवायला कोणी हात घातला की कोंबडीपेक्षा मोठं संकट उभं राहतं. अशा वेळी सर्पमित्राला किंवा वनविभागाला बोलवा.

अंगण अगदी साफ, चकचकीत असलं तर घारीला पिल्लं चटकन दिसतात आणि लपायला जागा नसते. अडुळसा, जास्वंद, तगर अशी दाट झुडपं दोन-चार ठिकाणी असावीत. पण खुराड्याला लागून झाडी नको, तिथे मुंगूस आणि साप दबा धरतात. खुराड्याभोवती आठ-दहा फूट मोकळं, त्यापलीकडे झुडपं, अशी रचना बरी.

उल्हासनगरच्या चाळींत, कॅम्पांमध्ये गच्चीवर किंवा मागच्या गल्लीत चार कोंबड्या पाळणारेही आहेत. तिथे कोल्हा नाही, पण उंदीर-घुशी आणि मांजरं खेड्यापेक्षा जास्त. तिथे अर्ध्या इंचाच्या जाळीचा उंच पिंजरा हाच उपाय. सांडलेले दाणे रात्री राहू देऊ नयेत. दाण्यांवर उंदीर येतो, उंदरामागे साप येतो, आणि मग अंडी जातात. खाद्याचा डबा पत्र्याचा, झाकणाचा असावा. गोणीतलं खाद्य म्हणजे घुशीला आमंत्रण.

जात कोणती पाळता यावरही बरंच अवलंबून आहे

सुधारित जाती आल्या तसं नुकसानीचं गणितही बदललं. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने काढलेली गिरिराज वजनाला उत्तम, पण जड. धोका दिसला तरी तिला उडून फांदीवर जाता येत नाही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराज जात परसासाठीच तयार केलेली आहे. तिची रंगीत पिसं झाडीत मिसळून जातात आणि लांब पायांमुळे ती पळायला बरी. त्याच संस्थेची ग्रामप्रिया अंड्यांसाठी. पण चपळाईत आणि सावधपणात आपली गावठी कोंबडी या सगळ्यांच्या पुढे आहे. पांढऱ्या ब्रॉयलरची पिल्लं स्वस्त मिळतात म्हणून परसात सोडू नयेत; ती लांबून चमकतात आणि पळत नाहीत.

गिरिराज-वनराजची पिल्लं कोंबडीविना, विकत आणलेली असतात. त्यांना 'घार आली' हे सांगणारी आई नसते. म्हणून त्यांना पहिले दोन महिने बाहेर सोडूच नये, आणि सोडताना एखाद्या जाणत्या गावठी कोंबड्यासोबत सोडावं. कोंबडा इशारा देतो आणि बाकीच्या पळतात, हे शिकायला पिल्लांना वेळ लागत नाही.

दिवे आणि बुजगावणी

चमकणाऱ्या सीडी, लाल दिवे, रेडिओ, बुजगावणं, या सगळ्यांचा परिणाम चार-आठ दिवस टिकतो. जनावर हुशार असतं, यात धोका नाही हे त्याला कळतं. लावायचेच तर जागा बदलत राहा. यावर भरवसा ठेवून दार कच्चं ठेवणं हा तोट्याचा व्यवहार. घरचा कुत्रा मात्र कोल्हा आणि मुंगसासाठी कामाचा, जर तो लहानपणापासून कोंबड्यांत वाढला असेल तर.

बारवीच्या बाजूला आणि डोंगराकडेला कुत्रा रात्री बाहेर साखळीने बांधू नये. बिबट्याचं आवडतं भक्ष्य कुत्रा आहे, कोंबडी नव्हे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासातही कुत्र्याचं प्रमाण मोठं आढळलं आहे. बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला अंगणापर्यंत बोलावणं. बिबट्या शहरापर्यंत येतो हे आपण पाहिलेलं आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये उल्हासनगरच्या कॅम्प ५ भागात तो शिरला होता, आणि २४ नोव्हेंबर २०२२ रोजी कल्याण पूर्वेच्या चिंचपाड्यात तो थेट इमारतीत घुसला, काही जण जखमी झाले. गावाबाहेर चिकन-मटणाचा कचरा फेकला की कुत्रे जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. हा कचरा खड्ड्यात पुरणं हे ग्रामपंचायतीने आणि दुकानदारांनी मनावर घ्यायला हवं. एकट्या कोंबडीवाल्याने कितीही जाळ्या लावल्या तरी हा प्रश्न त्याच्या अंगणात सुटणारा नाही.

आपल्या आदिवासी भागात दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळली जाते, वाघोबाची पूजा होते. जनावरासोबत राहायची रीत इथे जुनी आहे.

विष आणि वीज : तुरुंगाची वाट

राग येतो, हे समजण्यासारखं आहे. पण विष घालणं, फासे लावणं, तारेत वीज सोडणं हे करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. बिबट्या, घोरपड, अजगर यांच्यासोबत आता सोनेरी कोल्हाही अनुसूची एकमध्ये आहे. या यादीतलं जनावर मारलं तर किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. चार-पाचशे रुपयांच्या कोंबडीपायी हा धोका कोणी घ्यावा? मुंगूस, रानमांजर, कांडेचोर यांनाही कायद्याचं संरक्षण आहे.

विष घातलेलं मटण कोण खाईल हे आपल्या हातात नसतं. घरचा कुत्रा, घार, कोणीही मरतं. खुराड्याभोवती उघड्या तारेत घरातली वीज सोडल्याने पहाटे लघवीला उठलेली माणसं मेली आहेत.

बिबट्याने शेळी किंवा गाय मारली तर वनविभागाकडून भरपाई मागता येते. त्यासाठी मेलेलं जनावर हलवू नये आणि ४८ तासांच्या आत कळवावं. कोंबडीसाठी मात्र या भरपाईवर भिस्त ठेवू नका. कोंबडीचा विमा म्हणजे तिची कडी. बिबट्या दिसला, जनावर विहिरीत पडलं किंवा खुराड्यात अडकलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा बदलापूर वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवावं. अडकलेल्या जनावराभोवती गर्दी करून व्हिडीओ काढत बसल्यानेच माणसं जखमी होतात.

जनावर चावलं तर ते कुत्रं असो, मुंगूस असो वा कोल्हा, जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय किंवा उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय जवळ आहे. २०२४ मध्ये मुंबईत चेंबूर भागातल्या कोल्ह्यांत रेबीज आढळला होता. भरदिवसा न घाबरता माणसाच्या अंगावर येणारा कोल्हा हा आजारी समजावा. हळद, चुना, मिरची लावत बसू नये.

जखम नसताना मेल्या तर

एकाच वेळी पाच-दहा कोंबड्या मेल्या आणि अंगावर चाव्याची खूण नाही, तर चोर शोधू नका. राणीखेत असू शकतो किंवा त्याहून वाईट. फेब्रुवारी २०२२ मध्ये शेजारच्या शहापूर तालुक्यातल्या वेहळोली गावात बर्ड फ्लू निघाला आणि सुमारे २५ हजार पक्षी मारावे लागले होते. मेलेल्या कोंबड्यांना हात लावू नये, ओढ्यात किंवा रस्त्याकडेला फेकू नये, खाऊ तर अजिबात नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवावं. फेकलेली मेलेली कोंबडी कुत्रे ओढत गावभर नेतात आणि रोग दुसऱ्या अंगणात पोचतो.

पावसाळ्याआधी एकदा

जनावराचा त्रास वर्षभर सारखा नसतो. भातकापणी झाली की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेतातला आडोसा जातो आणि उंदरांमागे फिरणारं सगळं गावाकडे सरकतं. फेब्रुवारीपासून डोंगराला वणवे लागतात, तेव्हाही तसंच. पण खुराडं सगळ्यांत कमजोर असतं ते पावसाळ्यात. माती मऊ होते, उकरणं सोपं होतं, कुडाला भोकं पडतात, खिळे गंजतात, दाराची लाकडं फुगून कडी लागत नाही. म्हणून मे संपायच्या आत एक दिवस काढून जाळी हाताने ओढून पाहा. जिथे तुटेल तिथे आत्ताच तुटू द्या. कडीला तेल घाला, कौलं चाळून घ्या.

उल्हास नदीकाठच्या गावांनी जागेचाही विचार करावा. २६ जुलै २००५ चा पूर लोक विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकून हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले, त्या दिवशी बंद खुराड्यांतल्या किती कोंबड्या गेल्या याचा हिशेब कोणी ठेवला नाही. खुराडं घराच्या जोत्यापेक्षा खाली नको. पाणी चढतंय असं दिसलं तर कोंबड्या डालग्यात घालून माळ्यावर घ्या, दार लावून निघून जाऊ नका. आणि पाणी ओसरल्यावर खुराड्यात हात घालायच्या आधी आतला भुसा लांब काठीने हलवून पाहा. कोरडी जागा शोधत आलेला साप बहुतेक तिथेच वेटोळं करून बसलेला असतो.